अडुळसा : खोकल्यावर नेमकं काय करतो आणि काय करत नाही



दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरू लागली की वर्गात एक नवा आवाज सुरू होतो. आपण फळ्याकडे तोंड करून लिहीत असतो आणि मागून कुणीतरी खोकतं. मग दुसरा, मग तिसरा. मधल्या सुट्टीत एखाद्याच्या डब्यासोबत पिशवीतून औषधाची बाटलीही बाहेर येते. घरी काय देताय असं पालकांना विचारलं तर दहातले चारपाच जण तरी सांगतात, "अडुळसा चालू आहे की!" कुणी पानांचा काढा देत असतं, कुणी दुकानातून आणलेलं तयार सिरप.

आपल्या औषधी वनस्पतींच्या तक्त्यातही अडुळसा असतोच. तुळस, कोरफड, कडुनिंब, गवती चहा आणि अडुळसा. उपयोगाच्या रकान्यात लिहिलेलं असतं : 'खोकल्यावर'. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत जोड्या लावतात आणि पाठ संपतो. पण 'खोकल्यावर' म्हणजे काय? खोकला थांबवतो की वाढवतो? जंतू मारतो का? कुणालाही द्यावा का? हे प्रश्न चौथी-पाचवीतली मुलं हमखास विचारतात आणि तेव्हा आपल्याकडे तक्त्यातल्या त्या एका शब्दापलीकडे काही नसतं. म्हणून आज जरा सविस्तर बोलू या. घरात लहान मूल असलेल्यांनी मधले दोन भाग घाई न करता वाचावेत.

आधी झाड ओळखू या

अडुळसा हे कंबरेएवढं ते पुरुषभर, कधी त्याहूनही उंच वाढणारं झुडूप. पानं साधी, समोरासमोर येणारी, दोन्ही टोकांना निमुळती, वीतभर लांब आणि कडा सरळ. पान चुरगळलं की एक उग्र, काहीसा नकोसा वास येतो. चव चांगलीच कडू. गुरं-शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत आणि नेमक्या याच कारणासाठी गावोगाव बांधावर, कुंपणाला अडुळसा लावलेला दिसतो. राखण करायला नको, पाणी घालायला नको.

या गुणाची नोंद झाडाच्या शास्त्रीय नावातही आहे. लिनियसने १७५३ साली त्याला 'जस्टिशिया अधाटोडा' असं नाव दिलं. यातला 'अधाटोडा' हा शब्द लॅटिन नाही, तो आपल्या दक्षिणेकडचा आहे. तमिळमध्ये 'आडु' म्हणजे शेळी. शेळी ज्याला तोंड लावत नाही ते झाड, असा या नावाचा अर्थ सांगतात. वर्गात हे सांगून बघा, मुलांना शास्त्रीय नाव एकदम आपलं वाटू लागतं.

संस्कृतात त्याला वासा, वासक, वृष, आटरूषक अशी नावं आहेत. सगळ्यात गंमतीचं नाव मात्र 'सिंहास्य', म्हणजे सिंहाच्या तोंडासारखं. थंडीत फुलं आली की एक फूल हातात घेऊन बाजूने बघा. पांढऱ्या फुलाचे दोन ओठ असतात. वरचा टोपीसारखा वाकलेला, खालचा पसरलेला आणि त्यावर जांभळट-गुलाबी रेघा. जबडा उघडलेला सिंह दिसतो की नाही, ते मुलांना ठरवू द्या. खालचा ओठ म्हणजे मधमाशीला उतरायला केलेला ओटा आणि त्यावरच्या रेघा म्हणजे मधाकडे जाणारी वाट. पुंकेसर दोनच असतात, भिंगाशिवायही मोजता येतात.

आणखी एक गोष्ट वर्गात छान रंगते. अडुळशाचं कूळ आपल्या फार ओळखीचं आहे. गजऱ्यातली अबोली, कुंपणावरची कोरांटी आणि सह्याद्रीत सात-आठ वर्षांतून एकदा फुलणारी कारवी ही सगळी त्याचीच भावंडं. पानं समोरासमोर, फुलं कणसासारख्या तुऱ्यात, प्रत्येक फुलाखाली हिरवी छदं. एवढं साम्य मुलांनी शोधून काढलं तरी वनस्पतींचं वर्गीकरण कशावरून करतात हे वेगळं शिकवावं लागत नाही.

नावाच्या बाबतीत मात्र सावध राहायला हवं. 'काळा अडुळसा' नावाचं एक वेगळंच झुडूप आहे, पानं अरुंद आणि देठ काळपट. गुजरातीत अडुळशाला 'अरडूसी' म्हणतात, आणि 'अरडूसो' म्हणजे महारुखाचं मोठं झाड! एका मात्रेने झाड बदललं. त्यामुळे कुणी नुसतं नाव सांगून पाला आणून दिला तर तो वापरू नये. फूल बघून खात्री झालेल्या झाडाचाच पाला घ्यावा.

खोकला म्हणजे बिघाड नव्हे, साफसफाई

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. अडुळसा काय करतो हे कळायला खोकला काय करतो हे आधी कळलं पाहिजे.

आपल्या श्वासनलिकांना आतून एक चिकट, ओलसर थर असतो. श्वासाबरोबर आत आलेली धूळ, परागकण, जंतू त्याला चिकटतात. या थराखाली अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात आणि ते सतत एका दिशेने, वरच्या बाजूला हलत असतात. एखादा सरकता पट्टाच समजा. पट्ट्यावरचा कचरा हळूहळू घशापर्यंत येतो आणि आपल्या नकळत गिळला जातो. निरोगी माणसातही हे रात्रंदिवस चालू असतं.

सर्दी झाली की हा थर वाढतो आणि घट्ट होतो. तंतूंना तो ढकलवत नाही. मग शरीर जोर लावतं, फुप्फुसातली हवा धाडकन बाहेर फेकतं. तोच खोकला. म्हणजे खोकला हा आजार नाही, अडकलेलं बाहेर काढायची धडपड आहे. मूल खोकतंय म्हणून घाबरायचं नसतं. कशामुळे खोकतंय आणि श्वास कसा घेतंय, हे बघायचं असतं.

वर्गात हे दाखवायला इसबगोल वापरा. दोन वाट्यांत चमचा-चमचा इसबगोल घ्या. एकीत थोडं पाणी, दुसरीत त्याच्या तिप्पट पाणी घाला. दहा मिनिटं थांबा. मग दोन्हींतला एकेक चमचा गोळा तिरप्या धरलेल्या ताटावर ठेवा आणि खाली घसरायला किती सेकंद लागतात ते मुलांना मोजू द्या. घट्ट गोळा जागचा हलत नाही, पातळ मात्र सरकत जातो. कफ पातळ झाला की बाहेर येतो म्हणजे काय, हे यानंतर फळ्यावर लिहायची गरज राहत नाही.

कफ पातळ करणं हेच अडुळशाचं मुख्य काम. तो खोकला दाबत नाही. उलट सुरुवातीला खोकल्याबरोबर कफ जास्त पडतो, आणि मग पालक म्हणतात, "अहो, औषध सुरू केल्यापासून वाढलंच!" तसं नसतं. अडकलेलं सुटत असतं. पण खोकला कोरडा असेल, नुसती घशात खवखव असेल, कफच नसेल, तर अडुळशाला तिथे फारसं काम नाही. हा फरक घरोघरी विसरला जातो आणि सरसकट सगळ्या खोकल्यांवर एकच बाटली चालते.

पानातून बाटलीत

चरक-सुश्रुतांच्या काळापासून कास, श्वास, क्षय आणि रक्तपित्त यांवर वासा सांगितलेली आहे. म्हणजे वापर जुना आहे, यात शंका नाही. पण पानात नेमकं काय आहे याचा शोध एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. १८८८ साली डेव्हिड हूपर या रसायनज्ञाने अडुळशाच्या पानांतून एक अल्कलॉइड वेगळं केलं. वासक या नावावरून त्याला 'व्हॅसिसीन' म्हटलं गेलं. (अल्कलॉइड म्हणजे वनस्पतींमधली, बहुधा कडू असणारी, शरीरावर परिणाम करणारी नत्रयुक्त द्रव्यं. चहातलं कॅफीन, सिंकोनातलं क्विनीन ही त्याचीच उदाहरणं.) हेच हूपर पुढे मुंबईचे विल्यम डायमॉक यांच्यासोबत भारतीय औषधी वनस्पतींवरच्या 'फार्माकोग्राफिया इंडिका' या मोठ्या ग्रंथाचे एक लेखक झाले.

पुढची गोष्ट बहुतेक पालकांना माहीत नसते. व्हॅसिसीनच्या रेणूवरून प्रेरणा घेऊन, त्यात बदल करत करत, जर्मनीत 'ब्रोमहेक्झिन' हे औषध तयार झालं आणि १९६० च्या दशकात वापरात आलं. ब्रोमहेक्झिन पोटात गेलं की शरीरात त्याचं रूपांतर होऊन जे द्रव्य बनतं त्यापैकी एक म्हणजे 'अँब्रोक्सॉल'. पुढे तेही स्वतंत्र औषध म्हणून विकलं जाऊ लागलं. ही औषधं कफातले लांब, एकमेकांत गुंतलेले धागे तोडतात आणि श्वासनलिकेतला पातळ स्राव वाढवतात. इसबगोलात आपण नुसतं पाणी वाढवलं, इथे धागेही तुटतात, एवढा फरक.

आता घरातली खोकल्याच्या औषधाची बाटली हातात घ्या आणि बारीक अक्षरांतली यादी वाचा. ब्रोमहेक्झिन किंवा अँब्रोक्सॉल हे नाव सापडण्याची बरीच शक्यता आहे. म्हणजे आजीचा काढा एका बाजूला आणि डॉक्टरांचं सिरप दुसऱ्या बाजूला, असं भांडण आपण ज्या दोन गोष्टींत लावतो त्या एकाच झुडपाच्या घरातल्या निघाल्या!

पण यातून 'मग काढा आणि सिरप सारखंच' असा निष्कर्ष काढू नका. बाटलीतल्या औषधाचं प्रमाण मिलिग्रॅममध्ये ठरलेलं असतं. पानातलं व्हॅसिसीन मात्र झाडागणिक, ऋतूगणिक, पान कोवळं की जून यानुसार बदलतं. आजीची 'चार पानं' आणि शेजारच्या काकूंची 'चार पानं' यांत ताकद सारखी असेलच असं नाही. शिवाय मोजलेलं औषधही निर्धोक असतं असं नाही. २०१५ साली युरोपातल्या औषध नियामक संस्थेने अँब्रोक्सॉल आणि ब्रोमहेक्झिनच्या माहितीपत्रकात गंभीर ॲलर्जी आणि त्वचेवरच्या प्रतिक्रियांचा इशारा घालायला लावला. धोका थोडा आहे, पण आहे. औषध घेतल्यावर अंगावर पुरळ उठलं, तर ते बंद करून डॉक्टरांना दाखवायचं.

घरचा काढा, मध आणि दुकानातलं सिरप

अडुळशाच्या पानातून रस सहजी निघत नाही. कच्ची पानं कुटली तरी हाताला चोथाच लागतो. म्हणून जुन्या वैद्यकात त्याचा पुटपाक सांगितला आहे. पानं कुटून गोळा करायचा, तो दुसऱ्या मोठ्या पानांत गुंडाळायचा, वरून मातीचा लेप द्यायचा, निखाऱ्यात भाजायचा आणि गरम असतानाच पिळायचा. आता घरांत निखारे नाहीत, म्हणून पानं वाफवून पिळतात. नाहीतर सरळ काढा करतात, सोबत सुंठ, पिंपळी, ज्येष्ठमध, तुळस, जे हाताशी असेल ते घालून. शेवटी मध.

या मधाबद्दल दोन शब्द. सर्दीनंतरच्या खोकल्यात मधाने मुलांना आराम पडतो, रात्री झोप बरी लागते, असं अभ्यासांत दिसलेलं आहे. त्यामुळे अडुळशाच्या काढ्याने बरं वाटलं तर श्रेयाचा बराचसा वाटा मधाचा आणि गरम पाण्याचा असू शकतो! मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, बोटाने चाटवायलासुद्धा नाही. मधात कधीकधी बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असतात आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात. बाळगुटी आणि मध यांची जोडी आपल्याकडे इतकी पक्की आहे, की हे वाक्य पालकसभेत दरवर्षी म्हणायला हवं.

काढ्याची मापं मी इथे मुद्दामच देत नाही. मी शिक्षक आहे, वैद्य नाही. शिवाय तीन वर्षांचं मूल आणि तेरा वर्षांचं मूल यांना एकच वाटी लागू होत नाही. अडुळसा जास्त झाला तर मळमळतं, उलट्या होतात. मुलाला द्यायचाच असेल तर वय आणि वजन सांगून आयुर्वेदाच्या पदवीधर वैद्यांना विचारावं. पाच वर्षांखालच्या मुलाला तर न विचारता देऊच नये.

गरोदर बाईने मात्र अडुळसा घेऊ नये. हे वाक्य तक्त्यावर कुठेच नसतं, म्हणून इथे ठळक सांगतो. व्हॅसिसीनचा परिणाम फक्त श्वासनलिकेवर होत नाही, गर्भाशयाच्या स्नायूंवरही होतो, ते आकुंचन पावतात. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. के. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० ते १९८० च्या सुमारास यावर बरंच काम केलं होतं आणि ते काम व्हॅसिसीनच्या याच गुणावर होतं. घरात काय होतं बघा. मोठ्या मुलासाठी काढा उकळतो, आईलाही खोकला असतो, ती दुसऱ्यांदा गरोदर असते आणि पातेल्यात उरलेला अर्धा कप ती पिऊन टाकते. वनस्पती आहे, अपाय काय होणार, असं वाटतं. ज्या रेणूमुळे औषध औषध ठरतं, त्याच रेणूमुळे अपायही होऊ शकतो.

दुकानातल्या सिरपांचं काय? 'अडुळसा' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या बाटलीत बाकी काय काय आहे ते मागच्या बाजूला वाचायचं. साखर भरपूर असते. आणि एकाच वेळी दोन बाटल्या चालू ठेवायच्या नाहीत. समजा एका बाटलीत अँब्रोक्सॉल आहे, म्हणजे कफ सुटून बाहेर यावा म्हणून, आणि दुसऱ्या बाटलीत डेक्स्ट्रोमेथॉर्फन आहे, म्हणजे खोकला दाबण्यासाठी. एक गाडी पुढे ओढतंय, दुसरं ब्रेक लावतंय. सुटलेला कफ मग जाणार कुठे?

बाटलीची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एक. २०२२ साली गांबियात साठांहून अधिक मुलं आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची वीसांहून अधिक मुलं दूषित सिरप पिऊन मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. छिंदवाड्याकडच्या कित्येक मुलांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं, त्यामुळे आपल्याकडेही ती बातमी घरातल्यासारखी लागली. या दोन्ही ठिकाणी दोष सिरपातल्या डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्याचा होता, कुठल्या वनस्पतीचा नव्हता. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालच्या मुलांनाही सहसा ती शिफारस केली जात नाहीत. यातून काही पालकांनी 'मग घरचाच काढा बरा' असा धडा घेतला. मला तो अर्धाच बरोबर वाटतो. लहान मुलाचा साधा खोकला बहुतेक वेळा कुठल्याही औषधाशिवाय बरा होतो. पुरेसं पाणी, गरम पेज-वरण, नाक मोकळं ठेवणं आणि धूर-उदबत्तीपासून लांब झोपवणं, एवढ्याने बरंच भागतं. काही द्यायलाच हवं, हा आपला मोठ्यांचा अस्वस्थपणा असतो.

अडुळसा कुठे पुरत नाही

इतका वेळ जे सांगितलं ते साध्या सर्दी-खोकल्याचं. आता जे सांगतो ते फ्रिजवर चिकटवून ठेवण्यासारखं आहे. अडुळशाने बरं वाटेल म्हणून वाट बघत बसणं काही वेळा जीवावर बेततं.

घरात पाच वर्षांखालचं मूल खोकत असेल तर त्याचा श्वास मोजा. मूल शांत किंवा झोपलेलं असताना अंगावरचा शर्ट वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोट-छाती किती वेळा वर येते ते मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त श्वास असतील, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेचे आहेत. आशाताई आणि अंगणवाडीच्या ताईंना ते माहीत असतात, पालकांना नसतात. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध पीत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल गळून पडलं असेल, तर मोजत बसू नका, लगेच निघा.

खेळता-खेळता, खाता-खाता मुलाला अचानक ठसका लागून खोकला सुरू झाला असेल तर तो सर्दीचा नाही. शेंगदाणा, चण्याची डाळ, खडूचा तुकडा, पेनचं टोपण असं काहीतरी श्वासनलिकेत गेलेलं असू शकतं. थोड्या वेळाने खोकला थांबला तरी वस्तू आत राहू शकते. इथे काढा पाजणं तर धोक्याचंच.

दम्याच्या मुलाचा इन्हेलर बंद करून अडुळसा सुरू करू नका. प्रयोगशाळेत व्हॅसिसीनसारखी द्रव्यं श्वासनलिकेचे स्नायू सैल करताना दिसली आहेत, हे खरं. पण दम्याच्या झटक्यात मुलाला जो आराम काही मिनिटांत हवा असतो तो काढ्याने मिळत नाही. शाळेत दम्याचं मूल असेल तर त्याचा इन्हेलर कुठल्या कप्प्यात आहे हे वर्गशिक्षकांना माहीत हवं.

राहिला क्षय, आणि यावर थोडं थांबावं लागेल. जुन्या ग्रंथांत क्षयावर वासा सांगितली आहे, हे आपण वर पाहिलं. १९९६ साली एका शोधनिबंधात असंही दिसलं की ब्रोमहेक्झिन आणि अँब्रोक्सॉल क्षयाच्या जंतूंची वाढ रोखतात. पण कुठे? प्रयोगशाळेत, काचेच्या भांड्यात. माणसाचा क्षय अडुळशाने बरा होतो असं त्यातून सिद्ध होत नाही. क्षयाला अनेक औषधं एकत्र, साधारण सहा महिने, एकही दिवस न चुकता घ्यावी लागतात. तपासणी आणि औषधं दोन्ही सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. अडचण अशी की अडुळशाने कफ सुटतो, छाती हलकी वाटते, 'फरक पडतोय' असं वाटतं आणि महिना जातो, दोन महिने जातात. तोवर घरातल्या, वर्गातल्या इतरांपर्यंत जंतू पोचतात.

म्हणून नियम साधा. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, तो मुलाचा असो, आजोबांचा असो की शिपाईकाकांचा, तर तपासून घ्यायचं. सोबत संध्याकाळचा ताप, घटणारं वजन, मंदावलेली भूक असेल किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर दोन आठवडेही थांबायचं नाही. बहुतेक वेळा काही निघत नाही, कारण साध्या सर्दीनंतरचा खोकलाही कधीकधी तीन आठवडे रेंगाळतो. काही निघालं नाही तर उत्तमच. लहान मुलांत क्षय असताना खोकला फारसा नसतोही, नुसतं वजन वाढत नाही आणि मूल मलूल राहतं. वर्षातून दोनदा आपण मुलांची उंची-वजनं घेतो, त्या नोंदवहीत मागच्या वेळेपेक्षा वजन कमी झालेलं मूल दिसलं तर पालकांना नक्की बोलवा. घरात कुणाला जुना खोकला आहे का, तेही विचारा.

शाळेच्या बागेत लावायचा असेल तर

नक्की लावा. इतकं कमी लाड मागणारं झुडूप दुसरं शोधून सापडणार नाही. बिया गोळा करायच्या भानगडीत पडू नका, त्या सहजी मिळत नाहीत. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलएवढ्या जाडीच्या, तीन-चार डोळे असलेल्या फांद्या तिरप्या कापून घ्या. खालची पानं काढून टाका आणि निम्मी फांदी ओल्या मातीत खोचा. दहा खोचल्या तर पाच-सहा तरी धरतील. कुठली धरली, कुठली वाळली, नवी पालवी कितव्या दिवशी फुटली, ही नोंद मुलांना वहीत ठेवू द्या. जागा कुंपणाजवळची निवडा. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद असली आणि शेळ्या आत शिरल्या, तरी हे झाड वाचतं. नेमकी शेजारची कुठली झाडं त्यांनी खाल्ली आणि कुठली सोडली, हाही जूनमध्ये शाळा उघडल्यावर बघायचा एक प्रयोग होईल.

पानं उकळली की पिवळा रंग निघतो. चित्रकलेच्या तासाला पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे त्यात बुडवता येतील. चव मात्र कुणालाही घेऊ देऊ नका.

झाडाजवळ फलक लावाल तेव्हा नाव, कूळ आणि 'कफ पातळ करतो' असं लिहा, नुसतं 'खोकल्यावर' नको. त्याखाली लाल अक्षरांत दोन ओळी : 'गरोदर स्त्रियांनी घेऊ नये. खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल तर आरोग्य केंद्रात तपासून घ्यावा.' फलक मुलांच्या नाही, शाळेत सोडायला येणाऱ्या आयांच्या नजरेच्या उंचीवर लावा. पाला मागायला त्याच येतात.